सत्यवतीबाईंचा ओटा

"रस्त्यावर नाही हो सार, ओट्यावर. आमच्या स्वतःच्या घरच्या ओट्यावर."

वासुदेव लाडनं हे तिसऱ्यांदा सांगितलं. काउंटरच्या पलीकडे बसलेला वॉर्ड ऑफिसचा आरोग्य निरीक्षक त्रिविक्रम मान वर न करता पडद्यावरचा नकाशा मोठा करत राहिला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान त्याच्यावर ओरडता तरी आलं असतं.

"हे बघा वासुदेवण्णा," तो कन्नडात म्हणाला, "तुमचं स्वयंपाकघर, मधली खोली, न्हाणी, हे सगळं पंचायतीत. ओटा तेवढा आमच्या हद्दीत. पण आमच्या नकाशात ओटा म्हणून काही नाहीच. इथं गाडीवाट आहे. सरकारी रस्ता. रस्त्यावर माणूस गेला तर मला दहनाची परवानगी देता येत नाही. पोलिसांना कळवायचं, पंचनामा करायचा, मग सरकारी इस्पितळात शवविच्छेदन."

"चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी होती, सार. डॉक्टरची चिठ्ठी आणलीय."

"वय कुणी विचारलंय? मी जागा विचारतोय."

वासुदेवनं काउंटरची कड घट्ट धरली. त्याची आई सकाळी आठ वाजता गेली होती. आता साडेअकरा झाले होते आणि ती अजून ओट्यावर होती. एकोणतीस वर्षं नेरळेकुंटे ग्रामपंचायतीत शिपाई म्हणून काढलेल्या माणसाला स्वतःच्या आईसाठी एक सही मिळत नव्हती.

नेरळेकुंटे म्हणजे के. आर. पुरमच्या पुढं दहा-बारा किलोमीटरवरचं चारशे बारा घरांचं गाव. पश्चिमेला तळं, तळ्याच्या काठाला स्मशान, मधे उंचवट्यावर वस्ती, पूर्वेला दगडाची खाण. गाव कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं हे तिथल्या गुरांनाही ठाऊक होतं. पण बेंगळुरू वाढत वाढत आलं, आणि मोठ्या ऑफिसात बसलेल्या कुणीतरी ठरवलं की तळ्याकडचं अर्धं गाव शहरात घ्यायचं आणि खाणीकडचं अर्धं पंचायतीत ठेवायचं. रेघ कुठून ओढायची? तर म्हणे जुन्या गाडीवाटेवरून. ती वाट वापरून शेवटची बैलगाडी गेल्याला चाळीस वर्षं झाली होती. म्हणजे ज्या वाटेवरून आता शेळीसुद्धा जात नाही, तिच्यावरून सरकारनं हद्द नेली.

यातलं सगळ्यात जळजळीत दुखणं वासुदेवनं कुणालाच बोलून दाखवलं नव्हतं. गेल्या वर्षी मोजणीदार आले तेव्हा त्यांना ती वाट सापडेना. पंचायतीनं शिपायाला बरोबर दिलं, कारण गावाचा कानाकोपरा त्याला पाठ. वासुदेवनंच फीत धरली. वासुदेवनंच मोठ्या ऐटीत दाखवलं, "अशी येते, त्या चिंचेपासून वळते, आणि बरोबर आमच्या ओट्याखालून जाते. आमच्या आजोबांनी वाटेवरच बांधलाय तो. गाडीवाल्यांना टेकायला." मोजणीदारानं पाठ थोपटली. म्हणाला, तुमच्यासारखी माणसं हवीत. खरं बोलायची खोड लागलेल्या माणसाचं नुकसान करायला वैरी लागत नाही, हे वासुदेवला तेव्हा कळलं नाही.

त्या ओट्याचं काय सांगावं! पंचायतीला इमारत नव्हती तेव्हा पहिली सभा त्याच ओट्यावर भरली होती. सत्यवतीबाई नुकत्या लग्न होऊन आलेल्या, त्यांनी सभेला ताक दिलं होतं. लाडांची चार-पाच घरं तिथं शहाजीराजांच्या वेळेपासून असल्याचं सांगत. घरात मराठी, दारात कन्नड, असं त्यांचं चाललेलं. गावानं त्यांना कधी परकं म्हटलं नाही. परकं म्हटलं ते नकाशानं.

सकाळी आठला आई गेली आणि नऊला वासुदेव आपल्याच ऑफिसात, पंचायतीत उभा होता. पंचायत विकास अधिकारी, ज्याला गावात सगळे पीडीओ म्हणतात, तो प्रणीत नावाचा तिशीतला मुलगा. त्यानं उठून खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि नोंदवही उघडून विचारलं, "कुठं गेल्या?"

"ओट्यावर," वासुदेव म्हणाला.

प्रणीतचं पेन थांबलं.

खरं तर इथं कुठलाही शहाणा माणूस 'घरात' म्हणाला असता. पण मृत्यूची जागा हा रकाना एकोणतीस वर्षं वासुदेवनंच माहिती आणून भरला होता. घरोघर जाऊन तो विचारायचा, खोलीत की अंगणात, शेतात की इस्पितळात. एकदा एकानं विहिरीत पडलेल्या भावाला 'घरी' लिहायला सांगितलं तेव्हा वासुदेवनं त्याला दारातून परत पाठवलं होतं. आता आईच्या बाबतीत जीभ कशी वळणार?

आणि ओट्यावर तिला आणलं होतं तेही रीत म्हणूनच. नेरळेकुंट्याच्या मराठी घरांत माणसाला खाटेवर, आढ्याखाली जाऊ देत नाहीत. आढ्याखाली जीव अडकतो म्हणतात. सत्यवतीबाईंचा श्वास तीन दिवस लागून राहिला होता. शेवटी सकाळी शेजारच्या सोयराबाई आल्या, नाडी बघितली आणि म्हणाल्या, "वासू, किती छळता रे तिला? उघड्यावर घ्या की." चौघांनी सतरंजीसकट उचलून ओट्यावर आणलं. सुनेनं, शिवलीलानं, डोकं मांडीवर घेतलं, तोंडात तुळशीचं पाणी घातलं. दहा मिनिटांत सगळं शांत झालं. मधल्या खोलीपासून ओट्यापर्यंत अकरा पावलं. त्या अकरा पावलांत म्हातारी पंचायतीतून शहरात गेली होती, आणि तिला त्याची कल्पना नव्हती.

"मग ते शहराकडे आलं अण्णा," प्रणीत हळू आवाजात म्हणाला होता. "मी सही केली तर उद्या माझ्यावर येईल."

आणि आता शहर म्हणत होतं की ओटा आमचा, पण ओटा नाहीच.

त्रिविक्रमनं खुर्ची जरा पुढं ओढली. "माझं ऐका. मधल्या खोलीत गेल्या म्हणून लिहून द्या. पंचायत अर्ध्या तासात कागद देईल. शववाहिका मी मागवतो. खाणीपाशी त्यांचं नवं स्मशान झालंय ना, तिकडं न्या."

"आणि तळ्याकाठचं?"

"ते आमचं. वॉर्डातल्या मृतांपुरतं आहे आता. कुलूप आहे, तुम्हाला माहीतच आहे."

माहीत नसायला काय झालं. तळ्याच्या पलीकडच्या काठावर चौदा मजल्यांच्या तीन इमारती उभ्या राहिल्या होत्या. तिथल्या लोकांनी धुराची तक्रार केली, आणि वॉर्डानं स्मशानाला लोखंडी फाटक लावून टाकलं. इमारती आल्या सहा वर्षांपूर्वी. स्मशान कधीचं, ते सांगायला माणूस उरला नाही. पण आधी आला त्याला नियम आणि मागून आला त्याला सोय, असा हा न्याय.

त्याच स्मशानात वासुदेवचे वडील गेले होते. आजी, आजोबा, आणि सत्यवतीबाईंची दोन वर्षांची मुलगी तिथंच. गेल्या महिन्यात, बोलणं बंद व्हायच्या आधी, आई एवढंच म्हणाली होती, "मला दुसरीकडं नको नेऊ रे. यांच्याजवळ ठेव." वासुदेव 'सरी अव्वा', बरं आई, म्हणाला होता. शब्द दिला होता आणि आता तो शब्द पाळायला सूर्य मावळेपर्यंतचा वेळ होता; त्यानंतर अग्नी देत नाहीत.

*

तो घरी आला तेव्हा दोन वाजत आले होते. अंगणात माणसं बसली होती. तिरडी बांधून तयार होती. शिवलीला सासूच्या उशाशी बसून माश्या वारत होती.

"झालं?" तिनं विचारलं.

वासुदेवनं सगळं सांगितलं. खोटं लिहून दिलं तर खाणीजवळ, खरं धरून बसलं तर पोलीस आणि इस्पितळ. मग खाली बघत म्हणाला, "देऊ लिहून? अव्वाला कापून घेण्यापेक्षा..."

शिवलीला कधी नवऱ्याला चारचौघांत उलटून बोलली नव्हती. तिनं पंखा खाली ठेवला.

"त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी कुठं बसले होते? हितंच ना? मग तुम्ही काय लिहिणार, मी पण आत होते म्हणून? वीस वर्षं त्या मला म्हणायच्या, शिवलीला, मला आढ्याखाली जाऊ देऊ नको. ते मी केलं. आता तुम्ही कागदावर त्यांना परत आत नेऊन ठेवणार काय?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. आणि रस्ता कशाला म्हणतात ते? रोज सकाळी मी हे शेणानं सारवते, हळदी-कुंकू वाहते. रस्ता कोण सारवतं?"

सोयराबाईंनी पदर डोळ्याला लावला. अंगणात बसलेले दोघे-तिघे उठून उभे राहिले.

वासुदेव आत गेला. त्याला राग आला होता, आणि गंमत म्हणजे तो प्रणीतवर नव्हता, त्रिविक्रमवरही नव्हता. तो स्वतःवर होता. एकोणतीस वर्षं त्यानं साहेबांना चहा नेला, झेंड्याची दोरी ओढली, पुरात नावं लिहीत हिंडला, करोनात बायको-पोरांना बाजूला ठेवून गावातली प्रेतं उचलली. कशासाठी? कागद खरा राहावा म्हणून. आणि कागदाला त्याची काडीची कदर नव्हती. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्यातलं दळणारं आंधळं आपणच, हे त्याला त्या मधल्या खोलीत, आईच्या रिकाम्या खाटेपाशी उभं असताना पटलं.

पण त्या नोकरीनं त्याला एक गोष्ट शिकवली होती. साहेब अर्जाला भीत नाही, स्मरणपत्राला भीत नाही. साहेब भितो ते दारात येऊन बसलेल्या गोष्टीला.

तो बाहेर आला. खांद्यावर उपरणं टाकलं, हातात मडकं घेतलं आणि म्हणाला, "उचला."

"कुठं रे?" सोयराबाईंनी विचारलं.

"तळ्यावर."

*

गाव करी ते राव न करी, हे खोटं नाही. तिरडी घरातून निघाली तेव्हा तीस माणसं होती, फाटकापाशी पोचली तेव्हा दीडशे. शहरातल्या अर्ध्याची आणि पंचायतीतल्या अर्ध्याची वेगवेगळी मोजायची सोय नव्हती. वासुदेवनं तिरडी फाटकासमोर उतरवली आणि मातीत मांडी घालून शेजारी बसला.

पहारेकरी घाबरला. "अण्णा, इथं नका. माझी नोकरी जाईल."

"तुला काय करायचंय? फोन कर. सांग, सत्यवतीबाई लाड वॉर्डाच्या दारात आल्यात. ओट्यावर गेल्या म्हणून लिहून घेईपर्यंत बसणारेत. घाई नाही म्हणावं. त्यांना आता कुठं जायचंय."

पाच वाजता त्रिविक्रम स्कूटरवरून आला. घामाघूम झाला होता. "वासुदेवण्णा, तुम्ही सरकारी माणूस असून असं करता?"

"सरकारी माणूस आहे म्हणून तर खोटं लिहून देत नाही, सार."

"पोलीस बोलवावे लागतील."

"बोलवा. तेही आमच्याच गावचे रस्ते विचारत येतील."

ऊन उतरू लागलं. तळं कोरडं ठणठणीत होतं. पलीकडच्या इमारतींच्या गच्च्यांवर माणसं दिसायला लागली, हातात फोन धरलेली. थोड्या वेळानं तिकडून एक चाळिशीची बाई तळ्याच्या बांधावरून चालत आली. जीन्स, कुडता, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. मारतहळ्ळीच्या कंपनीतून नुकतीच परतली असावी. तिनं आधी हिंदीत काहीतरी विचारलं. मग शिवलीला सोयराबाईंशी बोलताना ऐकून ती थबकली.

"तुम्ही मराठी आहात?"

"चारशे वर्षं झाली," सोयराबाई म्हणाल्या.

"मी स्मिता. पुण्याची. सोसायटीच्या कमिटीवर आहे." ती वासुदेवसमोर खाली बसली. "काका, काय झालंय नक्की? ग्रुपवर सगळे पॅनिक झालेत."

वासुदेवनं सांगितलं. जसं घडलं तसं, तिखटमीठ न लावता. तिचा चेहरा उतरत गेला.

"आम्ही चिमणीसाठी अर्ज केला होता," ती म्हणाली. "उंच चिमणी बसवा, एवढंच. लॉक करा असं कुणीच म्हटलं नव्हतं. आय मीन, कुणाला माहीतच नव्हतं की इथं अजून कुणी..."

"अजून कुणी मरतं?" शिवलीलानं विचारलं.

स्मिता उठली, बाजूला गेली, आणि फोन लावला. बोलणं इंग्रजीत चाललं होतं. 'असोसिएशन' आणि 'नो ऑब्जेक्शन' हे शब्द दोन-तीनदा ऐकू आले. चार मिनिटं. वासुदेवनं घड्याळ बघितलं म्हणून ठाऊक. मग त्रिविक्रमचा फोन वाजला, तो 'हां सार, सरी सार' म्हणत राहिला, आणि त्यानं खिशातून किल्ली काढून पहारेकऱ्याला दिली.

"तुमच्या म्हणण्याप्रमाणे लिहितो," तो वासुदेवला म्हणाला. "नैसर्गिक मृत्यू. डॉक्टरची चिठ्ठी द्या, आणि ओट्यावर गेल्या म्हणून इथं सही करा."

फाटक उघडलं. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. कुणीतरी स्मिताला हात जोडले. वासुदेवनं मात्र तिच्याकडं बघितलं नाही. तिची चूक नव्हती, हे त्याला समजत होतं. पण सकाळपासून तो दोन ऑफिसांत उभा होता, एकोणतीस वर्षं एका ऑफिसात उभा होता, आणि सहा वर्षांपूर्वी आलेल्या बाईच्या चार मिनिटांनी जे झालं ते त्याच्यानं झालं नव्हतं. उपकार माणूस मानतो. पण हक्काची गोष्ट उपकार म्हणून हातात पडली की ती गळ्याखाली उतरत नाही.

सहा वाजून दहा मिनिटांनी अग्नी दिला. वडिलांच्या जागेपासून चार हातांवर. शब्द राहिला.

*

आठव्या दिवशी दाखला आला. वॉर्ड ऑफिसचा एक माणूस घरपोच देऊन गेला, हेही नवलच. वासुदेवनं तो ओट्याच्या पायरीवर उभं राहून वाचला. नाव बरोबर, वय बरोबर, तारीख बरोबर. मृत्यूची जागा: सार्वजनिक गाडीवाट, नेरळेकुंटे.

त्यानं दोनदा वाचलं. त्रिविक्रमनं शब्द पाळला होता. ओटा म्हटलं की तो जिथं आहे तिथलं नाव लिहावं लागतं, आणि नकाशात तिथलं नाव हेच होतं.

"काय लिहिलंय?" शिवलीलानं विचारलं.

"बरोबर लिहिलंय," तो म्हणाला आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

दुपारी दोन माणसं आली. एकाच्या हातात फीत आणि कागद, दुसऱ्याच्या हातात लाल रंगाचा डबा आणि ब्रश. फीतवाला अजिजीनं बोलला. दाखल्याची प्रत वरच्या ऑफिसात गेली होती, तिथं कुणाच्यातरी लक्षात आलं की सार्वजनिक वाटेवर माणूस झोपवता येईल एवढं बांधकाम आहे, आणि ते मृत बाईच्या मुलानंच लेखी कबूल केलंय. अतिक्रमण. पंधरा दिवसांत काढायचं. आज फक्त रेघ मारायची होती.

वासुदेव ऐकत राहिला. शिवलीला दारात येऊन उभी राहिली. बोलायचं ते तिनं त्या दिवशीच बोलून टाकलं होतं.

ओट्याच्या मधोमध, जिथं सत्यवतीबाईंचं डोकं होतं तिथं, पसरलेल्या पिठावर पणती तेवत होती. जिथं जीव जातो तिथं तेरा दिवस दिवा ठेवतात. फीतवाल्यानं फीत टाकली. ती नेमकी पणतीवरून गेली.

"हे स्वल्प बाजूला घेता का?" त्यानं विचारलं.

"नाही," वासुदेव म्हणाला. आवाज चढला नव्हता. "पाच दिवस राहिलेत अजून. ओटा तुमचा म्हणता, काढून न्या. फोडायला मीच पहार देईन. पण दिवा तेराव्याशिवाय हलणार नाही."

"रेघ सरळ लागते, अण्णा. फोटो काढून पाठवायचाय."

वासुदेव पायरीवर बसला.

फीतवाल्यानं दुसऱ्याकडं बघितलं. रंगाचा डबा घेतलेला तो माणूस साठीचा होता, हाताच्या शिरा वर आलेल्या. त्यानं चपला खाली काढल्या, ओट्यावर चढला, आणि एका टोकापासून लाल रेघ ओढत आला. पणतीपाशी तो थांबला. वाऱ्यानं ज्योत हलली, तेव्हा त्यानं डाव्या हातानं तिला आडोसा केला आणि उजव्या हातानं रेघ पिठाच्या बाहेरून, अर्धगोल वळवून, पलीकडं नेली.

फीतवाल्यानं फोटो काढला आणि तो तसाच पाठवून दिला.